एदुआर्दो कुतिन्यो यांचे माहितीपट: कुठून सुरू करायचं आणि काय टाळायचं

२०२५ मध्ये वॉल्टर सालेस यांच्या ‘आइंदा एस्तो आकी’ला ऑस्कर मिळालं, आणि ओळखीतले बरेच जण विचारू लागले, ब्राझीलचं आणखी काय पाहू? मी दर वेळी एकच नाव सांगतो, एदुआर्दो कुतिन्यो. आणि आठवडाभरात बहुतेकांचा एकच निरोप येतो: “लावला होता, पण वीस मिनिटांत बंद केला. नुसती माणसं बोलत बसतात.”

माझंही तेच झालं होतं. पहिल्यांदा मी त्यांचा सगळ्यात गाजलेला माहितीपट लावला, तोही १९६४ साली ब्राझीलमध्ये काय घडलं याचा पत्ता नसताना. दुसऱ्यांदा ज्याची सगळी मेख मी आधीच वाचून बसलो होतो असा पट लावला. दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी योगायोगाने योग्य पट समोर आला आणि मग एकेक करत जवळपास सगळे मिळवून पाहिले. खालचा क्रम त्या अनुभवातून बसवला आहे. तुमचे पहिले दोन प्रयत्न वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

आपण चिडलो की म्हणतो ना, “आधी माझं ऐकून तर घे!” त्यातलं ते ‘ऐकून घेणं’ हेच कुतिन्यो यांचं आयुष्यभराचं काम. कान सगळ्यांनाच असतात, पण समोरच्याला पुरतं बोलू देणं, मध्ये तोंड न घालणं आणि तो थांबला तरी आपण थांबून राहणं, हे फार थोड्यांना जमतं. त्यांना जमलं, आणि कॅमेरा चालू असताना जमलं. हे एकदा ध्यानात आलं की ‘नुसती माणसं बोलत बसतात’ ही तक्रार आपोआप मिटते.

सुरुवातीला जवळ काय हवं

- चांगली प्रत आणि धड सबटायटल्स. मराठी सबटायटल्स मिळतील अशी आशा धरू नका, इंग्रजीवर भागवावं लागतं.
- हेडफोन. या पटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नसतंच. माणसाचा श्वास, खुर्चीची करकर, शेजारच्या घरातला आवाज, हेच त्यांचं संगीत.
- ब्राझीलचा साधा नकाशा. त्यात तीन ठिकाणी खूण करा: रिओ दि जानेरो, साओ पावलो, आणि वर उजवीकडे ईशान्येला पेर्नांबुको व पाराईबा ही दोन राज्यं.
- एक वही. का, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.
- सलग मोकळा वेळ. निम्मा आज, निम्मा उद्या असं केलंत तर धागा तुटतो.

प्रती कायदेशीर मार्गानेच मिळवा. ‘काब्रा’ या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध पटाची नीट केलेली डीव्हीडी ब्राझीलच्या मोरेरा सालेस संस्थेने काढली आहे. बाकीचे पट कधी महोत्सवांत, कधी ऑनलाइन मंचांवर येतात-जातात. गावात फिल्म सोसायटी असेल तर त्यांच्या मागे लागा. चार जणांत बसून पाहण्याची मजा या पटांना वेगळीच असते.

१. आधी नाव नीट शोधा

हे क्षुल्लक वाटेल, पण पहिली अडचण इथेच येते. नुसतं आडनाव टाकून शोधलंत तर समोर फुटबॉलपटू येतात. गोव्याकडचे वाचक तर म्हणतील, कुतिन्हो आमच्याकडे घरोघरी आहेत. आडनाव तेच, पोर्तुगीजांबरोबर दोन्हीकडे पोचलेलं. रिओत मात्र ‘ति’चा उच्चार ‘ची’ होतो, म्हणून मुलाखतींत तुम्हाला ‘कोचीन्यू’ असं काहीतरी ऐकू येईल. तेव्हा गोंधळू नका, माणूस तोच. रोमन लिपीत शोधताना सी-ओ-यू-टी-आय-एन-एच-ओ अशी अक्षरं लावा आणि पुढे एदुआर्दो हे पहिलं नाव जोडायला विसरू नका.

चित्रपटांच्या नावांचाही घोळ आहे. ‘काब्रा मार्कादो पारा मोरेर’ इंग्रजीत ‘ट्वेंटी इयर्स लेटर’ या अर्थाच्या नावाने फिरतो, आणि दुसऱ्या नावानेही. एकच पट दोनदा शोधण्यात माझा एक रविवार गेला.

२. तीन तारखा पाठ करा

चरित्र आधीच सगळं वाचायचं नाही. पण तीन तारखांशिवाय पुढे सरकू नका.

१ एप्रिल १९६४: ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. ही राजवट १९८५ पर्यंत टिकली.

ऑगस्ट १९७९: माफीचा कायदा झाला. तुरुंगातले सुटू लागले, परागंदा झालेले परतू लागले, आणि लपून राहिलेल्यांना आपल्या खऱ्या नावाने बाहेर येणं शक्य झालं.

तिसरी तारीख कुतिन्यो यांची स्वतःची, ११ मे १९३३. जन्म साओ पावलोचा. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत चार्ली चॅप्लिन या विषयावर उत्तरं देऊन पैसे जिंकले, त्या पैशांवर युरोप गाठला आणि पॅरिसच्या इदेक या चित्रपटशाळेत शिकले. परतल्यावर विद्यार्थी संघटनेच्या सांस्कृतिक चळवळीत पडले. सुरुवातीला एवढं पुरे. त्यांच्या मृत्यूबद्दल आधी वाचू नका, हे मी कळकळीने सांगतो. तो इतका भयंकर आहे की तो डोक्यात ठेवून पाहिलं तर प्रत्येक हसरी चौकट काळवंडते. त्याबद्दल शेवटी, थोडक्यात लिहिलं आहे.

३. पहिला पट: ‘एदिफीसियो मास्टर’ (२००२)

सुरुवात इथूनच करा. कोपाकाबानाच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ एक बारा मजली इमारत आहे. मजल्यावर तेवीस घरं, एकूण २७६, बहुतेक एका खोलीची. राहणारी माणसं सुमारे पाचशे. कुतिन्यो यांच्या चमूने इमारतीतच एक घर भाड्याने घेतलं, आधी काही आठवडे माणसांशी बोलणी केली आणि मग आठवडाभर चित्रीकरण केलं. पटात सदतीस रहिवासी येतात. कथानक वगैरे काही नाही. एक दार उघडतं, कुणी बोलतं, दार मिटतं, मग दुसरं.

चमू इमारतीत शिरतो ते आपल्याला इमारतीच्या स्वतःच्या सुरक्षा कॅमेऱ्यातून दिसतं. म्हणजे चित्रीकरण करणारेच आधी पकडले जातात! तिथे थांबून विचार करा, कारण कुतिन्यो यांची सगळी नीती त्या एका दृश्यात आहे. मी तुमच्या घरात आलोय, ही गोष्ट मी तुमच्यापासून आणि प्रेक्षकांपासून लपवणार नाही, असं ते सांगतात. पुढेही कधी माइक दिसतो, कधी मदतनीस दिसतात, त्यांचा स्वतःचा घोगरा आवाज तर सारखाच ऐकू येतो.

इमारतीचा व्यवस्थापक शिस्तीबद्दल बोलताना म्हणतो की आधी मी पियाजे वापरतो, जमलं नाही तर पिनोशे. एक बालमानसशास्त्रज्ञ, दुसरा चिलीचा हुकूमशहा. पाहताना आपण खळखळून हसतो, आणि लष्करी राजवट भोगलेल्या देशातला माणूस हे सहज बोलून जातोय हे मागाहून जाणवतं. एक तरुण मुलगी बोलता बोलता डोळ्याला डोळा देत नाही, माणसांची भीती वाटते म्हणते. एक वयस्क गृहस्थ सिनात्रा या अमेरिकन गायकाची रेकॉर्ड लावून त्या गाण्याबरोबर मोठ्याने गातात. गाता गाता त्यांचा चेहरा बदलत जातो. कुतिन्यो कॅमेरा हलवत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, सबंध गाणं संपू देतात.

आता वहीचं सांगतो. प्रत्येक माणसानंतर एकच ओळ लिहा: कुतिन्यो यांनी काय विचारलं? तुमच्या लक्षात येईल की प्रश्न अगदी साधे आहेत. “मग?” “म्हणजे कसं?” “कधी?” मी पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा अर्ध्या जागा कोऱ्या राहिल्या, कारण त्यांनी काही विचारलंच नव्हतं. माणूस आपणहून पुढे गेला होता.

यामागची एक गोष्ट आधी माहीत असली तर बरी. कुतिन्यो कुणालाही कॅमेऱ्याआधी भेटत नसत. त्यांचे सहकारी आधी जाऊन बोलत, ते ध्वनिचित्रमुद्रण पाहून कुतिन्यो माणसं निवडत, पण प्रत्यक्ष पहिली भेट कॅमेरा चालू झाल्यावरच. एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना शिळी होते, असा त्यांचा अनुभव. आपण पाहतो ती खरोखरच त्या दोघांची पहिली भेट असते.

नेहमीची चूक: वेग दीडपट करून पाहणं. मालिका तशा पाहायची सवय आता हाताला लागली आहे. इथे तसं केलंत तर बोलण्यामधल्या गप्प जागा नाहीशा होतात, आणि खरा ऐवज त्या जागांतच असतो.

४. मग एक लहान पट: ‘बोका दे लिशो’

हा जेमतेम पाऊण-एक तासाचा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. रिओजवळच्या साओ गोन्सालोचा कचरा डेपो. ट्रक येतो, कचरा ओततो, माणसं तुटून पडतात. कॅमेरा दिसताच ती तोंडावर फडकं ओढतात. एक पोरगा सरळ विचारतो: हे आमच्या तोंडासमोर धरून तुम्हाला काय मिळतं?

दुसऱ्या कुणी हा प्रश्न कापून टाकला असता. कुतिन्यो यांनी तो ठेवला आणि मग त्यांनी काय केलं पाहा. आधी घेतलेल्या दृश्यांतून लोकांच्या चेहऱ्यांच्या प्रती काढल्या आणि त्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन ते पुन्हा गेले. हा कोण? ही कोण? लोक ते कागद पाहतात, एकमेकांना दाखवतात, हसतात, नावं सांगतात. फडकं खाली येतं. बिनचेहऱ्याची गर्दी होती तिथे आता घरदार, सासू, गाणं म्हणणारी मुलगी, स्वयंपाकघरातली भांडी दिसू लागतात.

वस्त्यांवर, गरिबीवर काही चित्रित करायचं मनात असेल, तर हा पट दोनदा पाहा.

५. आता ‘काब्रा मार्कादो पारा मोरेर’ (१९८४)

यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. आणि खालची हकीकत आधी वाचा. इथे आधी कळल्याने काही बिघडत नाही, उलट कळलं नाही तर मी पहिल्या खेपेला बंद केला तसा तुम्हीही कराल.

आधी शीर्षक. ‘काब्रा’ म्हणजे बकरी, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात बकरीच येते. पण ईशान्य ब्राझीलच्या बोलीत ‘काब्रा’ म्हणजे शेतावर राबणारा साधा माणूस. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, ‘गडी’. मरणासाठी हेरून ठेवलेला गडी.

हा गडी म्हणजे जुआंव पेद्रो तेशेरा, पाराईबातल्या सापे गावच्या शेतकरी संघाचा पुढारी. २ एप्रिल १९६२ रोजी जमीनदारांच्या मारेकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. कुतिन्यो तेव्हा विद्यार्थी संघटनेच्या दौऱ्यावर त्या भागात होते. निषेधसभेत त्यांनी त्याच्या बायकोला, एलिझाबेथ तेशेरा यांना पाहिलं, चित्रित केलं. दोघांना अकरा मुलं.

कुतिन्यो यांनी ठरवलं, या हत्येवर कथापट करायचा. भूमिका खऱ्या शेतकऱ्यांनीच करायच्या आणि एलिझाबेथ स्वतः एलिझाबेथ होतील. सापेच्या परिसरात त्याच सुमारास रक्तपात झाला, म्हणून चित्रीकरण शेजारच्या पेर्नांबुकोत, गालिलेया नावाच्या उसाच्या जुन्या मळ्यावर हलवलं. या गालिलेयातच १९५५ मध्ये कुळांनी पहिली संघटना उभारली होती. त्या भागात गरीब माणूस मेला की नगरपालिकेची एकच शवपेटी मिळायची. देह खड्ड्यात उतरवायचा आणि पेटी पुढच्यासाठी परत करायची. आपल्या माणसाला आपल्या पेटीत पुरता यावं, ही संघटनेच्या सुरुवातीच्या मागण्यांतली एक होती. हे वाचलं तेव्हा मी काही वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो.

पस्तीस दिवस चित्रीकरण झालं. मग १ एप्रिल १९६४. सैनिक गालिलेयात आले, सामान जप्त केलं, लोकांना धरून नेलं. घेतलेल्या चित्रफितींपैकी बहुतेक आधीच रिओच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. एलिझाबेथ नाव बदलून पाराईबाच्या शेजारच्या राज्यातल्या साओ राफाएल या गावी गेल्या, बरोबर एकच मुलगा. बाकीची मुलं नातेवाइकांकडे विखुरली. तिथे त्यांनी कपडे धुतले, लहान मुलांना अक्षरं शिकवली. त्या कोण हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

कुतिन्यो यांनी पुढची वर्षं पटकथा लिहिल्या, वर्तमानपत्रात काम केलं आणि १९७५ पासून ग्लोबो वाहिनीच्या वृत्तपट विभागात नोकरी केली. १९८१ मध्ये ते परत आले, जुन्या फितींसकट.

आता पाहताना तीन जागा सोडू नका.

पहिली जागा गालिलेयात पडदा लावून, यंत्र सुरू करून जुनी दृश्यं दाखवतात ती. सतरा वर्षांपूर्वीचे आपण स्वतः, आपले मेलेले सोबती पडद्यावर चालताना दिसतात. लोक एकमेकांना बोट दाखवून ओळखतात, गालातल्या गालात हसतात. कॅमेरा पडद्याकडे कमी आणि या चेहऱ्यांकडे जास्त पाहतो.

दुसरी, पुस्तकाची. १९६४ च्या पळापळीत चमूतल्या कुणाचं तरी एक युद्धकादंबरीचं पुस्तक गालिलेयात राहिलं. एका शेतकऱ्याने ते सतरा वर्षं जपून ठेवलं. घरात असं पुस्तक सापडणं त्या काळात धोक्याचं होतं. तो ते बाहेर काढतो आणि अडखळत, शब्द जोडत त्यातला उतारा वाचतो. मला या पटातलं सर्वांत मोठं दृश्य हेच वाटतं. मोर्चे आणि बंदुकांपेक्षाही.

तिसरी, निरोपाची. एलिझाबेथ सुरुवातीला जपून बोलतात. थोरला मुलगा शेजारी उभा, तोच जास्त बोलतो, सरकारचे आभार मानायला लावतो. दिवस सरतात तशा त्या सैलावतात. शेवटी चमू निघालाय, आता संपलं असं आपल्याला वाटतं, आणि त्या दारापाशी उभ्या राहून बोलू लागतात: लढा संपलेला नाही, भूक आहे आणि मजुरी तुटपुंजी आहे तोवर संपणार नाही. आवाज बदललेला, हात हलताहेत. त्या क्षणी लपलेली बाई जाते आणि सभेत बोलणारी पुढारी परत येते. चित्रीकरण आटोपलं म्हणून कुणी कॅमेरा बंद केला असता तर हे मिळालं नसतं.

१९६४ मध्ये शेवटी चित्रित झालेल्या दृश्यात एलिझाबेथना एक वाक्य होतं: “बाहेर कुणीतरी आहे.” त्यानंतर सैन्य आलं. पटात हे वाक्य पुन्हा येतं तेव्हा कान टवकारून ऐका.

एलिझाबेथ यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत शंभरी गाठली. साओ राफाएलचं ते जुनं गाव मात्र पुढे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या घराचं, त्या ओट्याचं चित्र आता या पटातच उरलंय.

नेहमीची चूक: आवाजांत आणि काळात गोंधळून पट सोडून देणं. निवेदन तीन आवाजांत आहे, त्यातला एक खुद्द कुतिन्यो यांचा. शिवाय काळ सारखा पुढे-मागे होतो. रंगीत म्हणजे १९८१ नंतरचं आणि कृष्णधवल म्हणजे बहुतेक जुनं, एवढं धरून चाललात तरी निभावतं.

६. मधली वर्षं: जेवढं मिळेल तेवढं

ग्लोबोसाठी केलेल्या कामांपैकी दोन मिळाली तर जरूर पाहा. १९७६ च्या ‘सेइस दियास दे ओरिकुरी’ मध्ये दुष्काळात खाल्लेली मुळं एक माणूस एकेक करून दाखवतो, आणि ते एकच दृश्य न तोडता तीन मिनिटांहून जास्त चालतं. टीव्हीवर, लष्करी राजवटीत! १९७८ च्या ‘तेओदोरिको’ मध्ये एक बडा जमीनदार स्वतःच निवेदक होतो, स्वतःच्याच गड्यांना स्वतः प्रश्न विचारतो. कुतिन्यो एका शब्दाने टीका करत नाहीत, आणि माणूस पुरता उघडा पडतो.

मग ‘सांतो फोर्ते’ (१९९९). रिओमधल्या एका वस्तीत माणसं आपल्या देवांविषयी, अंगात येणाऱ्यांविषयी, पितरांविषयी बोलतात. सुरुवात १९९७ मध्ये पोपच्या रिओभेटीच्या दिवशी होते. कुणी आत्म्याविषयी सांगतं आणि लगेच रिकाम्या खोलीचं, अंगणाचं शांत दृश्य येतं. तिथे काहीच नसतं, तरी आपण डोळे फाडून पाहतो. बोलणाऱ्याला पैसे देतानाचं दृश्यही त्यांनी पटात ठेवलं आहे. पोर्तुगीजमध्ये पैसे देणं या क्रियापदालाच ‘पगार’ म्हणतात. आपला महिन्याचा पगार तिकडूनच आला. पाव, चावी, बटाटा, बादली हेही त्याच वाटेने आले, आणि काजू तर झाडासकट ब्राझीलहून. हे पट ऐकताना मधूनच असा एखादा ओळखीचा शब्द कानाला लागला की फार बरं वाटतं.

‘बाबिलोनिया २०००’ हा ३१ डिसेंबर १९९९ च्या दिवसावरचा. तो आवडेलच, पण वेळ कमी असेल तर सध्या सोडला तरी चालेल.

७. ‘जोगो दे सेना’ (२००७): न वाचता पाहा

इथे मी मुद्दाम थोडंच सांगणार आहे. वर्तमानपत्रात जाहिरात दिली: रिओत राहणाऱ्या, सांगण्यासारखं काही असलेल्या स्त्रियांनी यावं. ८३ जणी आल्या, २३ जणींचं चित्रीकरण झालं. रिकामं नाट्यगृह, मंचावर खुर्ची, बोलणारीच्या पाठीमागे प्रेक्षकांच्या रिकाम्या रांगा. शिवाय तीन नामवंत अभिनेत्री आहेत: मारिलिया पेरा, आंद्रेआ बेल्त्रांव आणि फेर्नांदा तोरेस. होय, तोरेस म्हणजे ‘आइंदा एस्तो आकी’ मधल्या त्याच.

परीक्षण, सारांश, खालच्या प्रतिक्रिया, काहीही वाचू नका. मी वाचलं होतं आणि पहिलं पाहणं कायमचं गमावलं. ते आता मला कधीच परत मिळणार नाही. चार जणांना दाखवणार असाल तर त्यांनाही सांगू नका. पाहून झाल्यावर अर्धा तास गप्पांसाठी ठेवा, कारण कुणाचं रडू खरं होतं यावर वाद होणारच.

८. ‘पेओंइस’ (२००४) आणि ‘ओ फिम ए ओ प्रिंसिपियो’ (२००५)

पहिला साओ पावलोच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांवर आहे. १९७९-८० च्या संपात जे कामगार नेते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला यांच्याबरोबर होते, पण ज्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत, ते. चित्रीकरण २००२ च्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीतलं. शेवटचा कामगार बोलून होतो आणि उलट कुतिन्यो यांनाच विचारतो, तुम्ही कधी मजूर होता का? ते ‘नाही’ म्हणतात. मग कुणीच काही बोलत नाही, आणि पट तिथेच संपतो.

दुसऱ्यात त्यांनी आधीची सगळी तयारीच सोडली. विषय नाही, संशोधन नाही, पाराईबातल्या एका खेड्यात गेले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलत बसले. आजी-आजोबांशी गप्पा मुद्रित करायचं मनात असेल, तर आधी हा पाहा. मी पाहून आमच्या आत्याचं बोलणं फोनवर मुद्रित केलं. तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, कारण पंखा बोलण्यापेक्षा मोठा ऐकू येतो. आणि ती थांबली की मनातल्या मनात पाच अंक मोजा. पहिल्या मुद्रणात मी दर वेळी दोनवरच बोलून गेलो आहे, आणि तिची तीन वाक्यं माझ्या आवाजाखाली कायमची गाडली गेली आहेत.

९. ‘मोस्कोउ’ (२००९) मागे ठेवा

एका नाटकमंडळीची चेकॉवच्या नाटकाची तालीम. कुतिन्यो यांना पूर्ण ओळखल्याशिवाय हा पट हाती लागत नाही. पहिल्या पाचांत तर नकोच.

त्याऐवजी ‘आस कांसोइंस’ (२०११) घ्या. काळा पडदा, एक खुर्ची, माणूस येतो, आपल्या आयुष्यातलं गाणं म्हणतो, ते का, हे सांगतो आणि उठून पडद्याआड जातो. भाषा अजिबात न कळणाऱ्यालाही हा पट कळतो. आमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहिलेला हा एकमेव.

१०. शेवटी ‘ऊल्तिमास कोन्वेर्सास’

२ फेब्रुवारी २०१४ रोजी कुतिन्यो यांचा रिओमधल्या राहत्या घरी खून झाला. मानसिक आजार असलेल्या मुलाच्या हातून. वय ८०. हा पट तेव्हा अपुरा होता. त्यांच्या नेहमीच्या संकलक जोर्दाना बेर्ग यांनी संकलन केलं, निर्माते आणि स्नेही जुआंव मोरेरा सालेस, म्हणजे वॉल्टर यांचे भाऊ, यांनी तो २०१५ मध्ये पुरा केला.

रिओच्या सरकारी शाळांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी या गप्पा आहेत. पण सुरुवातीला खुर्चीत कुतिन्यो स्वतः बसलेले दिसतात, थकलेले, वैतागलेले. हा पट जमत नाहीये, असं ते स्पष्ट म्हणतात. इतकी वर्षं ज्या खुर्चीत इतरांना बसवलं तिच्यात आता ते आहेत, आणि ऐकून घेणारे त्यांचे सहकारी. पुढे मुलं येत जातात, कुणी कविता वाचतं, कुणी रडतं, कुतिन्यो कधी चिडतात, कधी विरघळतात.

अगदी शेवटी सहा वर्षांची एक चिमुरडी आत येते. खुर्ची तिला मोठी होते. तो जो घोगरा, दमलेला आवाज आपण तासभर ऐकत आलो, तो तिच्याशी बोलताना कसा होतो, तेवढं ऐका. हेडफोन लावूनच ऐका.